बाईंचा व्हिडिओ अडकलाय

मुळात मला मोबाइलचा राग. वर्गात कुणाच्या दप्तरात वाजला की मी तो जप्त करून कपाटात कोंडायची आणि संध्याकाळी आईवडिलांची हजेरी घेऊन मगच परत द्यायची. त्यामुळे रिकाम्या वर्गात मीच मोबाइल स्टँडला लावून त्याच्यासमोर पदर सारखा करत उभी आहे हे पाहून आमच्या सूनबाईंना हसू आवरेना. सून दुकानांच्या जाहिरातींचे व्हिडिओ बनवते, म्हणून तिलाच शाळेत ओढून आणलं होतं.

"हसतेस काय? चालू कर ते," मी म्हटलं.

हे सगळं रेडिओपायी. रेडिओ म्हणजे माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी. हे नाव मीच ठेवलेलं, कारण तिच्या तोंडाला बटणच नाही. प्रश्न शेजारणीला विचारला तरी उत्तर हीच देणार, बहुतेक वेळा चुकीचं देणार, पण इतकं छातीठोक की क्षणभर मलाच वाटावं, गणित बदललं की काय! तर ही बया सायकलवरून पडली. मांडीपर्यंत प्लॅस्टर, परीक्षेपर्यंत शाळा बंद.

मी भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. "कशी आहेस गं?" म्हटलं तर "बरी." बस्स, एवढंच. मी वर्गातल्या दोन गमती सांगितल्या, तर तिनं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. तिची आई मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "परीक्षेला बसत नाही म्हणते, बाई. वर्ग पुढे गेला, आता माझ्यानं होणार नाही, हेच धरून बसलीय. घरात आवाज म्हणून नाही हो तिचा. मी कामावर गेले की आजोबा आणि ती, दोघं नुसती छताकडे बघत बसतात."

त्या शांत घरातून बाहेर पडताना माझा जीव तुटला. ज्या पोरीला मी वर्षभर 'गप्प बस' म्हणत आले, ती खरोखरच गप्प बसली होती. ते काही मला बघवेना.

म्हणून हा मोबाइल. सुनेनं बोट दाखवलं आणि मी सुरू केलं. फळ्यावर त्रिकोण काढला. "एक कोन नव्वदचा, दुसरा पस्तीसचा. मग तिसरा किती?" आणि मी थांबले. मी प्रश्न विचारला की थांबतेच. पोरांना डोकं खाजवायला वेळ नको? मी मोबाइलकडे बघत राहिले. मग भुवया वर केल्या. मग म्हटलं, "मोठ्यानं बोल, ऐकू आलं नाही." पुन्हा थांबले. "शाब्बास! पंचावन्न." आणि मग, इतक्या वर्षांची सवय, एकदम ओरडले, "मागच्या बाकावर काय चाललंय?"

सून दचकून उठली. मागच्या बाकावर तीच बसली होती.

"आई, तुम्ही कुणाची वाट बघत होता?"

"उत्तराची."

"मोबाइल उत्तर देत नाही हो! हे सगळं कापावं लागेल. लोकांना दोन क्षण धीर नसतो, लगेच पुढे ढकलतात."

"खबरदार कात्री लावलीस तर. थांबायचं नसेल तर प्रश्न विचारायचाच कशाला?"

"बरं, कॅमेऱ्यासमोर निदान जरा हसा तरी."

"गणित शिकवतेय, साबण विकत नाहीये."

तिनं कपाळावर हात मारला, पण कात्री लावली नाही. व्हिडिओ कसा चढवायचा तेही तिनं माझ्याकडून करून घेतलं. मी चॅनेल काढलं, पहिल्यांदा चुकून पंख्याचा फोटो चढवला, तो काढला, मग व्हिडिओ चढवला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात. मी आधी भरपूर पाणी प्यायले, एवढंच.

थोड्याच वेळात ग्रुपवर निरोप सुरू. "बाईंचा व्हिडिओ अडकलाय." "आमच्याकडेही अडकला." "नेट गेलं वाटतं." एका बापानं तर म्हणे मोबाइल तीनदा बंद करून चालू केला. कुणा अनोळखी बाईनं चॅनेलवर लिहिलं, "तुम्ही थांबता तेवढ्यात मी गॅस बारीक करून येते. छान सोय आहे." सून हसून हसून सोफ्यावर आडवी. मी मात्र निरोप वरखाली सरकवत बसले. ग्रुपवर सगळे बोलत होते, फक्त रेडिओच्या घरून काही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं मला वाटायला लागलं. जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिनं बघितला तरी का?

दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं एक रेकॉर्डिंग पाठवलं. सुट्टी असल्यानं ती घरी होती आणि तिनं गुपचूप टिपलेलं. पलंगावर रेडिओ, भिंतीकडे तोंड. खुर्चीत आजोबा, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये मी, भुवया वर केलेली.

"अगं, बाई विचारतायत," आजोबा म्हणाले.

रेडिओनं पांघरूण आणखी वर ओढलं.

"बाई थांबल्यात गं. वडीलधाऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये." तरी ती गप्प, आणि मी आपली बघतेय. आजोबांना ते सोसेना. त्यांनी घसा खाकरला आणि मोबाइलला नमस्कार करून म्हणाले, "साठ असतील, बाई."

"मोठ्यानं बोल, ऐकू आलं नाही," मोबाइलमधली मी म्हणाले.

"साठ!" आजोबा ओरडले.

तेव्हा पांघरूण उडालं. "साठ कसे हो, आजोबा? नव्वद नि पस्तीस किती झाले? पंचावन्न राहतात! पंचावन्न!"

"शाब्बास! पंचावन्न," मी म्हणाले. आजोबा टाळ्या वाजवत होते. रेकॉर्डिंग हलायला लागलं, कारण आई रडत होती. मी आणि सून इथे सोफ्यावर रडत होतो, आणि ते हलणारं रेकॉर्डिंग आम्ही पुन्हा पुन्हा लावत होतो.

पण आजोबांना दुरुस्त करणं वेगळं आणि परीक्षेला बसणं वेगळं. तिला वर्गात आणायलाच हवं होतं. सुनेकडून मी व्हिडिओ कॉल लावायला शिकले आणि सोमवारी मोबाइल पहिल्या बाकावर उभा केला. पडद्यावर रेडिओ दिसली. चेहरा उतरलेला, उशीला टेकून बसलेली. सगळा वर्ग तिला हात करत होता. तिनं फक्त मान हलवली.

मी अर्धवर्तुळ काढलं आणि त्यात व्यासावर एक त्रिकोण. "हा इथला कोन किती? मोबाइलकडचं उत्तर हवंय मला." आणि थांबले.

वर्गात भराभर हात वर झाले. मी डोळे वटारले, हात खाली गेले. मोबाइल गप्प. समोर कुणीतरी पेन खाली ठेवलं. मोबाइल गप्पच. सांगून टाकावं उत्तर, पोरीला कशाला भरवर्गात छळा, असं अगदी जिभेवर आलं. पण मी जीभ चावली आणि थांबले.

"बाई," बारीक आवाज आला, "चुकलं तर चालेल?"

"तुझं बरोबर कधी आलंय गं?"

वर्ग खदखदून हसला. आणि तिकडून, खणखणीत, "एकशे ऐंशी!"

"चूक!"

"मग नव्वद!"

"आत्ता कसं नव्वद झालं?"

"तुमच्या तोंडाकडे बघून! पण थांबा ना, कारण सांगते. व्यासावर टेकलाय ना तो, म्हणून... अरे, मध्ये बोलू नका रे, मी सांगतेय ना! आणि बाई, परीक्षेला मला दाराजवळचा बाक हवा, हा पाय कुठे वाकत नाही. आजोबा म्हणतायत ते बाहेर बसतील, पण त्यांना सांगा, उत्तरं ओरडायची नाहीत. आणि तो आधीचा धडा पुन्हा घ्या, मला काही..."

"गप्प बस!" मी ओरडले. उभ्या आयुष्यात हे शब्द बोलताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता. आणि ती काही गप्प बसली नाही.