बारीक गोळी

माझ्या दाजींनी, म्हणजे गुरुबसप्पांनी, जन्मात अंडं फोडलं नव्हतं आणि ते बंदूक घ्यायला निघाले होते. एरवी मी त्यांची अशी टर उडवली असती की आठवडाभर बोलले नसते. पण अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, दारातूनच डोळे वटारले. मी मुकाट्यानं टांग्यात चढलो.

बंदूक बसवासाठी हवी होती. बसवा म्हणजे दाजींचा खिलार बैल. दाजींची सोलापुरात भुसाराची अडत, पण जीव सगळा वळसंगच्या मळ्यात आणि त्यातही बसवात. पंधरा वर्षं त्यानं मोट ओढली. यंदा त्याच्या उजव्या शिंगात कीड पडली. गुरांच्या डॉक्टरांनी शिंग कापलं, तरी आतलं कुजणं थांबेना. ते डोळ्यापर्यंत आलं. वैरण सुटली, जनावर रात्रंदिवस गव्हाणीवर डोकं घासायचं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता गोळी घालणं हीच दया. मी येऊन घालतो."

आमच्या लिंगायतांच्या घरात ही गोष्ट बोलायचीसुद्धा नाही. बैल म्हणजे साक्षात नंदी. भाऊबंद कानांवर हात ठेवून उठून गेले. दाजी तेवढे बसून राहिले.

"पंधरा वर्सं त्यानं माज्या हातचं खाल्लंय," ते म्हणाले. "परक्याच्या हातानं मरू देणार न्हाय. मीच घालतो."

बंदुकीचा परवाना दाजींच्या वडिलांच्या वेळचा होता. सोलापुरात लष्करी कायदा लागला तेव्हा घरची ठासणीची बंदूक सरकारात जमा केली होती, ती परत आली तेव्हा तिचा नुसता गंज उरला होता. म्हणून नवी.

सदर बाजारातल्या बंदुकीच्या दुकानात दाऊदभाईंनी आधी जाड नळीची बंदूक पुढं केली. दाजींनी तिचं काडतूस हातात घेतलं आणि चटका बसल्यागत खाली ठेवलं.

"एवढं मोठं नगं. लहानात लहान गोळी कंची, ती दावा."

दाऊदभाईंनी बावीस नंबरची काढली. गोळी तुरीच्या दाण्याएवढी. दाजींचा चेहरा सैलावला, आणि माझं डोकं फिरलं.

"दाजी, गोळी बारीक म्हंजे पापबी बारीक, असा हिशोब हाय व्हय?"

"तसं समज."

"इससे कव्वा मरता सावकार, बैल नै मरता," दाऊदभाई म्हणाले. कपाळाच्या नेमक्या मधोमध, नळी हातभरावर धरून मारली तर एखाद वेळी जमेल, असंही त्यांनी सांगितलं.

"हातभरावर मला जमणार न्हाय. तो माजा हात चाटंल," दाजी म्हणाले. "लांबनं मारणार. त्याला कळायच्या आत. त्यो ठिपका चुकायचा न्हाय, अशी बंदूक द्या."

मग दुकानामागच्या आवारात दाजींनी जी पारख मांडली, ती बघून मला तशाही स्थितीत हसू आलं. पोत्यात परखी खुपसून तूर बघावी तसा हा माणूस बंदुका बघत होता. वाळूच्या पोत्यावर नळी टेकवायची, कागदावर गोळ्या झाडायच्या, प्रत्येक गोळीनंतर मागचा खिट्टा ओढून टरफल उडवायचं, दुसरी भरायची. पहिल्या बंदुकीची भोकं कागदभर देवीच्या व्रणांसारखी पसरली. दुसरीची सगळी एका ढब्बू पैशाखाली झाकली गेली. तरी समाधान नाही. काडतुसांच्या वेगवेगळ्या पेट्या फोडून कुठली सरळ जाते तेही बघून झालं. शेवटी वर लावायची दुर्बीण. एकीच्या कडा धुरकट होत्या. दुसरीतून समोरच्या लिंबावर चढणारा मुंगळासुद्धा दिसत होता, आणि त्यावर केसासारख्या दोन रेघांची फुली.

"हीच," दाजी म्हणाले.

मळ्यात त्यांनी रोज सराव केला. नारळ ठेवू दिला नाही, नारळ देवाचा. खापऱ्या ठेवल्या. एकही खापरी चुकली नाही. दाजींचा हात इतका स्थिर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सोमवार शंकराचा, म्हणून मंगळवार धरला. अक्कानं पुरणाची पोळी करून बसवाच्या तोंडाशी नेली. त्यानं हुंगली, घेतली, आणि चावता येईना म्हणून गळू दिली. अक्का तिथंच रडली. मग कुणी न सांगता तिनं आमच्या बायका करतात तेच केलं. बोटांवर विभूती घेऊन त्याच्या कपाळावर तीन पट्टे ओढले. बरोब्बर मधोमध. मला वाटलं, बरं झालं, नेमाला खूण झाली. काय माझी अक्कल!

दाजींनी दावं सोडायला लावलं. बांधलेल्या जीवाला मारायचं नाही म्हणाले. बसवा जागचा हलला नाही. पलीकडच्या बांधावर पोत्यावर नळी टेकवून दाजी पालथे पडले. गोळी काही सुटेना.

"घाला की दाजी."

त्यांनी मान वर केली. गाल ओले होते. "चन्नवीर, लांब ऱ्हावं म्हणून ही दुर्बीण घेतली. ह्यात तर तो लई जवळ आलाय रं."

त्यांनी बाहीनं गाल पुसले.

"आन् फुली विभूतीवर बसतीया. विभूतीवर गोळी कशी घालू?"

"मी पुसून येतो."

"जाणाऱ्याची विभूती पुसतोस? गप बस."

त्यांनी पुन्हा गाल लावला. वाळकी काटकी मोडावी एवढाच आवाज झाला.

बसवा पडला नाही. माशी उडवावी तशी मान हलवली. मग इतक्या दिवसांत जागचं न हलणारं ते जनावर पाय ओढत बांधाकडे यायला लागलं. काही दुखलंखुपलं की पंधरा वर्षं ते ज्याच्याकडे जात होतं, त्याच्याचकडे. दाजी उठून उभे राहिले. बसवानं त्यांच्या छातीला कपाळ टेकलं. तो कपाळ टेकत असताना मला दिसलं. विभूतीचे पट्टे जसेच्या तसे होते, आणि खाली बोटभर अंतरावर तुरीच्या दाण्याएवढं भोक.

"दुसरी घाला!" मी ओरडलो. "नळी टेकवा, दाजी!"

दाजींचे दोन्ही हात बसवाच्या मानेवर होते. "बा, बसवा, बा," ते कानडीत म्हणत होते. ये, ये. मी बंदूक उचलली, खिट्टा ओढला, गोळी भरली. पण कपाळ दाजींच्या छातीत होतं. नेम धरायचा कुठं?

सायकल मारत डॉक्टरांकडे गेलो. ते फिरतीवर अकलूजकडे गेले होते. परत आलो तर दोघं बांधाखाली जमिनीवर. बसवाचं डोकं दाजींच्या मांडीवर. बंदुकीला त्यांनी मला हात लावू दिला नाही. श्वास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरघरत राहिला, आणि त्यातला एकही दाजींनी चुकवला नाही. मला दाजींचा इतका राग आणि इतकी माया एकदम कधी आली नव्हती.

पुढं बंदूक परत करायला आम्ही सदर बाजारात गेलो. दाऊदभाईंनी दुर्बिणीची काच फुंकून पुसली आणि विचारलं, "निशाना चुका क्या, सावकार?"

"न्हाय," दाजी म्हणाले. "लई नामी बंदूक हाय. बोटभर खाली धरली, बोटभर खालीच लागली."