चंदाबाईचे दोन कट्टे

"चंदाबाई, तुमचे झाडं सात, अन् कट्टे चारच?" दुर्गानं भर आंगणात, दहा बायांच्या समोर मले विचारलं.

"चारच पोते भरले! काऊन, माकडानं खाल्ले, पाखरानं खाल्ले, आता तुले हिशोब देऊ का वं?" मी असं तोंड सोडलं का बिचारीनं वहीत चार लिहून टाकले. खोटं बोलाचं असलं का माहा आवाज आपोआप मोठा होते. माहा नवरा बिरजू खाली मान घालून बिडी शोधत होता. बिडी तं त्याच्या कानावरच होती.

चैताचे दिवस होते. साऱ्या गावात मोहफूल वाळत होतं, वासानं डोस्कं हलकं झालं होतं. आमच्याकडे जंगलातले मोहाचे झाडं घरोघरी वाटून असते. कोणाच्या झाडाखाली दुसऱ्यानं टोपलं नाई नेत. माह्या सासूचे सात झाडं माह्याकडे आले. त्या सात झाडाचं मोहफूल विकून मले घरावर टिनाचे पत्रे टाकाचे होते. छपराचे कवेलू फेरून फेरून बिरजूची कंबर गेली, अन् पावसाळ्यात आमी गळतीखाली गंज-भांडे लावून झोपतो.

पन दुर्गाच्या डोस्क्यात वेगळंच. शेजारची बारावी शिकलेली सून, आमच्या बचत गटाची सचिव.

"आत्ता साऱ्याईच्या घरी मोहफूल आहे, म्हून व्यापारी तीस रुपये म्हनते," ती म्हने. "पोळ्याच्या टायमाले कोणाच्याच घरी नाई राहत. मंग तोच व्यापारी दारात येते. आपन फक्त थांबाचं."

"अन् थांबता थांबता उंदरानं खाल्लं तं?" गटातल्या पुनमनं विचारलं.

"म्हूनच तं सारं एका घरी नाई ठेवाचं. पाच घरं धरू. हरेकीचे कट्टे वेगवेगळ्या घरी. एका घरावर काई आलं तं एकीचं सारं नाई जानार, साऱ्याईचं थोडं थोडं जाईन."

बाया माना हलवून राह्यल्या होत्या. मी मात्र मनात म्हनलं, माहं मोहफूल दुसरीच्या घरी? माह्या सासूनं कधी एक ओंजळ नाई ठेवली! वरून नाई म्हनाची बी सोय नव्हती, गटातून नाव गेलं असतं. मंग मी काय केलं, सहातले चार कट्टे दिले, अन् दोन, सगळ्यात निवडक, सोन्यावानी पिवळे, मागच्या ओसरीत गोवऱ्याच्या ढिगामागं लपवले. समोरच्या खोलीत मात्र दुसऱ्या बायांचे आठ कट्टे आले. मी त्याईच्याकडे पाहून मनात हासो. म्हनो, तुमचं तुमी वाटून ठेवा, माहं माह्यापाशी!

श्रावणात धानाची रोवणी लागली. भर दुपारी सारं गाव बांदीत, गुडघाभर चिखलात. तेवढ्यात बिरजू धुऱ्यावरून बोंबलत आला, "हत्ती! गावात हत्ती आला होऽ!"

आमी रोपं टाकून धावलो. धावता धावता पुनम दोनदा चिखलात पडली अन् दोनदा हासली. गावाबाहेर फॉरेस्ट गार्ड दिनेशभाऊनं अडवलं. हत्ती जंगलात परतला तवाच सोडलं.

पाहतो तं काय! साऱ्या गावात फक्त माहं घर फुटलं होतं. मागची भिंत नाई, ओसरीचे कवेलू नाई, गोवऱ्या आंगणभर. अन् समोरच्या खोलीत आठच्या आठ कट्टे जसेच्या तसे!

"एकही नाई गेला!" पुनम नाचाले लागली. "चंदाबाई, तुमच्या घरानं लाज राखली वं!" बायाईनं मले उचललं. मी हंबरडा फोडला.

"रडू नका बाई, भिंत होऊन जाईन," दुर्गा म्हने.

भिंतीले कोन रडून राह्यलं होतं!

मंग दिनेशभाऊ कागद घेऊन पंचनाम्याले बसला. "सांगा, काय काय नुकसान?"

"भिंत," मी म्हनलं. "कवेलू. दोन गंज."

"मोहफूल?"

मी बिरजूकडे पाह्यलं. बिरजूनं आभाळाकडे पाह्यलं. सांगितलं तं इज्जत जाते, नाई सांगितलं तं दोन कट्ट्याची भरपाई जाते. माह्या जिवाची अशी ओढाताण लग्नातही नव्हती झाली.

"नाई," मी म्हनलं.

दिनेशभाऊनं गोवऱ्याच्या चुऱ्यातून एक पिवळं फूल उचललं. "बाई, हत्ती गोवऱ्या खाते का जी?"

कोनी हासलं नाई. दुर्गा माह्याजवळ सरकली, हळूच म्हने, "सांगून टाका चंदाबाई. सात झाडाचे सहा कट्टे होते, हे मले चैतातच समजलं होतं."

"होते!" मी ओरडली. "दोन होते! निवडक होते! मीच लपवले, अन् त्या मेल्यानं बरोब्बर तेच खाल्ले!"

मंग पुनम अशी फुटली का खालीच बसली. तिच्यामागं साऱ्या बाया. बिरजू हासला, दिनेशभाऊचा पेन पडला. सगळ्याईच्या शेवटी माहंही हासू सुटलं, डोळ्यात पानी अन् तोंडात हासू.

"सायेब," पुनम पोट धरून म्हने, "लपवलेले, असं लिहा जी!"

पोळ्याच्या आठ दिवस आंधी व्यापाऱ्याचा टेम्पो दुर्गाच्या दारात उभा राह्यला. आजूबाजूच्या गावात मोहफूल नव्हतंच. साठ रुपये किलो! दुसऱ्याईच्या घरी ठेवलेले माहे चारही कट्टे गेले. त्याच्यात समोरच्या खोलीवर पत्रे पडले. ओसरीले पुरले नाई. वनखात्याचा पैसा येईन तवा येईन. पाऊस आला का आमी दोघं पत्र्याखाली कोरडे बसतो, ओसरीत टपटप ऐकतो. बिरजू म्हनते, "हे पाय, हत्तीच्या पोटातले पत्रे वाजून राह्यले."

औंदाच्या चैतात दुर्गा वही घेऊन आली. "चंदाबाई, कट्टे किती?"

"सहा," मी म्हनलं. "साहीच्या साही घेऊन जा. अन् माह्या घरी कोनाचाच नको ठेवू वं बाई. हत्तीनं घर पाहून ठेवलं आहे."