उजव्या कडेच्या कस्तुराबाई

सोलापूरच्या भवानी पेठेत आबासाहेबांच्या घरी भिंतीवर टांगलेला टीव्ही तो मी. एरवी दुसऱ्यांचंच बोलणं तुम्हाला ऐकवतो. आज माझं ऐका. सांगताना मान वर होत नाही, तेवढं समजून घ्या.

माझा कारखाना आता आठवत नाही. आठवते ती खोक्यातून बाहेर काढल्यावर माझ्यावरून फिरलेली पदराची टोकं. त्या कस्तुराबाई, आबासाहेबांच्या पत्नी. मला पुसताना त्या काचेत स्वतःला बघत नसत, धुळीलाच बघत. दुपारी मालिका लावायच्या आणि बसायच्या मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. गेल्या वर्षी त्या गेल्या. सुतकात माझी पिन काढून ठेवली होती. त्या अंधारात मला त्यांचा हात फार आठवला.

आम्हा टीव्हींची एक जुनी खोड आहे. बाहेरून आलेलं चित्र आम्ही थोडं फुगवतो, आणि चारी कडा पडद्याबाहेर जातात. पूर्वी प्रक्षेपणाच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, त्या दिसू नयेत म्हणून केलेली ही सोय. माझ्यात ती तशीच राहिली. बातम्या बघताना कुणाच्या लक्षात येत नाही. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला नातेपुत्याहून मुलगी अंकिता आली, माढ्याहून कस्तुराबाईंची बहीण बाळाबाई आली. सून ऋतुजा घरीच कम्प्युटरवर चादरींची डिझाइनं काढते. तिनं सगळ्यांच्या मोबाइलमधून घरच्या कार्यक्रमांचे फोटो गोळा केले होते. जेवणं झाली की सगळ्यांनी ते मोठ्या पडद्यावर बघायचे, असं ठरलं. कम्प्युटर आतल्या खोलीत, तिथून लांब वायर माझ्यापर्यंत आणली. ती लावायचं काम तिच्या नवऱ्याकडं, दिग्विजयकडं होतं.

"सिग्नल नाही म्हणतोय गं हा!"

"अहो, वरच्या भोकात घातली असंल वायर," ऋतुजा स्वयंपाकघरातून ओरडली. "खाली कार्ड हाय बघा, त्याच्यात घाला."

"कुठलं कार्ड? रेशनचं?"

दुःखाच्या घरात तेवढंच हसू झालं. वायर ग्राफिक्स कार्डाला लागली आणि माझा पडदा उजळला. ऋतुजा ताटं आवरायला आत राहिली.

पहिला फोटो घरभरणीचा. मधोमध खुर्चीवर फेटा बांधलेले आबासाहेब, भोवती लेकरं, सून, व्याही. दुसरा बारशाचा. तिसरा अंकिताच्या लग्नातला. आधी सगळे कौतुकानं बघत होते. मग अंकिताची मान पुढं आली.

"दादा, थांब. आई कुटं हाय?"

दिग्विजयनं मागचे फोटो पुन्हा लावले. उजव्या कडेला हिरव्या लुगड्याची एक पट्टी दिसत होती. चेहरा नव्हता.

"वैनी!" अंकितानं हाक मारली. ऋतुजा वड्यांचं ताट घेऊन दारात आली. "तुमच्या माहेरची माणसं बरी मधी आली. आमची आईच तेवढी कापली व्हय?"

"ताई, मी कशाला कापीन आत्यांना?"

"कापायचंच तर काम तिचं," बाळाबाई भिंतीला टेकून म्हणाली. "डिझाइनवाली हाय की."

ऋतुजानं सासऱ्यांकडं पाहिलं. तिनंच वर्षभर कस्तुराबाईंचं दुखणं काढलेलं, ते आबासाहेबांनी डोळ्यांनी पाहिलेलं. ते भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बघत राहिले. आधार कार्डावरून मोठा केलेला तो धूसर फोटो. एकटीचा दुसरा सापडलाच नव्हता.

ऋतुजा ताट धरून दारातच उभी राहिली. मला ओरडावंसं वाटलं, अहो, मी कापलंय, तिनं नाही. पण माझ्याकडं आवाज असतो तो दुसऱ्यानं दिलेला. मी उजळून तसाच टांगलेला राहिलो.

ऋतुजानं वाद घातला नाही. ताट एका हातावर सांभाळत दुसऱ्या हातानं अंकिताचं मनगट धरलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं.

"हितं बघा, ताई."

उघड्या दारातून मलाही दिसलं, कम्प्युटरच्या छोट्या पडद्यावर तोच फोटो पुरता होता. अगदी कडेला, कुणाच्या तरी खांद्याआडून, अर्ध्या चेहऱ्याच्या कस्तुराबाई हसत होत्या.  अंकितानं ऋतुजाच्या हातातलं ताट घेतलं. "सोड. मी वाढते," एवढंच म्हणाली.

ऋतुजानं सांगितलं तसं दिग्विजयनं रिमोट दाबून दाबून माझ्या सेटिंगमधला चित्राचा आकार बदलला. माझी फुगवण्याची खोड गेली. कस्तुराबाई आत आल्या.

"पयल्यापासनं लाव," आबासाहेब म्हणाले.

फोटो पुन्हा सरकू लागले. प्रत्येकात आबासाहेब मध्ये. प्रत्येकात त्या कडेला, एक डोळा, एक कान, हातात कधी तांब्या, कधी कुणाचं लेकरू. सगळ्यांना नीट बसवून शेवटी धावत येऊन उभ्या राहिलेल्या.

"हिचा मधला एक बी न्हाय?" आबासाहेबांनी विचारलं.

 बाळाबाई पदराशी चाळा करत राहिली.

"मामा," ऋतुजा सासऱ्यांना हळू म्हणाली, "आत्यांना मधी आणून देते मी. फोटोत तसं करता येतं."

"नगं." आबासाहेबांनी मान हलवली. "हाय तितंच ऱ्हाऊ दी. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दी, आमी तिला कुटं उभी केली ती. टीव्हीनं आज कापली, पोरी. आमी जन्मभर." ऋतुजाकडं बघून म्हणाले, "आन् मगाशी मी गप बसलो. तुझ्यावर संशय व्हता म्हणून न्हवं, मला बोलायचं धाडस न्हवतं म्हणून."

ऋतुजानं मान खाली घातली. बाळाबाई उठली आणि ऋतुजाजवळ जाऊन बसली.

आता मी म्हातारा झालोय. माझ्या जागी नवा आणायचं बोलणं निघतं, आबासाहेब ते टाळतात. रोज दुपारी घरभरणीचा फोटो लावतात. स्वतःकडं बघत नाहीत. खुर्ची ओढून पडद्याच्या उजव्या कडेला अगदी जवळ बसतात.

उद्या मला कुणी नेलं तर त्याला एवढीच विनंती. माझ्यावर माणसं लावण्याआधी माझ्या कडा तपासा. आणि फोटो काढताना कुणी म्हणालं, "तुम्ही बसा, मी येतेच," तर जरा थांबा. तिला येऊ द्या.