मायनस नऊ

"हा पडून मोडलेला नाही," नाना म्हणाले.

चष्मा त्यांच्या तळहातावर होता. एक काच निखळलेली, नाकावरचा पूल तुटलेला.

"मग काय उडून मोडला?" दुकानात त्यांच्याबरोबर काम करणारी ती हसत म्हणाली. "नाना, माझी ताई म्हणजे वेंधळेपणाचा कळस आहे. लहानपणी चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर शोधायची."

"शोधत असेल. पण हे बघ." नानांनी फ्रेम दिव्याखाली धरली. "पडला तर काचेची कड उडते. कुणी वर बसलं तर दोन्ही काड्या फाकतात. हा पूल बघ, पिळलाय. ओला कपडा पिळतात ना, तसा. दोन हात लागतात त्याला, पोरी. आणि सहा महिन्यांत हा दुसरा."

"तुम्ही चष्मे दुरुस्त करता की चोर पकडता हो?"

नाना म्हणजे चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसलेला माणूस. गिऱ्हाईक चेहऱ्यानं लक्षात राहत नसे, पण फ्रेम हातात आली की तिचा मालक कुठल्या कुशीवर झोपतो तेही सांगायचा. त्यांनी तुटलेली फ्रेम तिच्या ट्रेमध्ये ठेवली आणि पुन्हा काच घासायच्या चक्रावर वाकले. तिनं जुन्या काचा नव्या फ्रेममध्ये बसवल्या, स्क्रू आवळले, आणि जाता जाता ताईला देऊन आली. विषय संपला.

संपला, कारण तिला तो संपवायचाच होता. ताईच्या नवऱ्याविषयी, भावोजींविषयी वाकडं बोलणारा माणूस तिच्या माहेरात अजून जन्माला आला नव्हता. तिच्या लेकीच्या, ठकीच्या जन्माच्या वेळी तिचा स्वतःचा नवरा परगावी होता. अचानक कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी काढून तिला दवाखान्यात नेलं ते भावोजींनी. पोर पहिल्यांदा हातात घेतली ती त्यांनीच. आई तर त्यांना देवमाणूसच म्हणायची. ताईच्या डोळ्यांना मायनस नऊ. चष्मा काढला की हाताच्या अंतरावरचं माणूस म्हणजे नुसता रंगाचा ओघळ. अशा मुलीला हसत पसंत करणारा माणूस! त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची.

तिसरा चष्मा मोडला तेव्हा तिनं डोकं चालवलं. दुकानात नव्या फ्रेमा आल्या होत्या, लवचीक, रबरासारख्या. त्यातली एक घेऊन ती रविवारी ताईकडे गेली आणि सगळ्यांसमोर, चहाचे कप अजून हातात असताना, तिनं ती फ्रेम दोन्ही हातांनी पिळून दाखवली.

"हे बघा भावोजी, असा पिळला, तसा पिळला, सोडला की सरळ! आता ताईला कितीही आदळआपट करू दे."

भावोजी मोठ्यानं हसले. फ्रेम हातात घेऊन त्यांनी स्वतःही एकदा पिळून पाहिली. "वा, मेहुणी! माझी मोठी काळजी मिटवलीस." ताई खाली मान घालून बशीतला सांडलेला चहा कपात ओतत होती.

त्यानंतर आठ महिने चष्मा दुरुस्तीला आला नाही. ती नानांना चिडवायची, "बघा, तुमचा चोर सुधारला." आणि खरंच निश्चिंत झाली. बाकी तिचा स्वभाव निश्चिंत राहायचा नव्हेच. ठकीला द्राक्ष द्यायचं तर चार तुकडे करून. गॅसची कळ बंद केल्यावर दोनदा हात लावून बघायची. पाळणाघरात सोडलं की फाटकाची कडी लागलीय का ते रस्ता ओलांडून परत येऊन पाहायची. नवरा म्हणायचा, "तुला सुखानं घाबरता तरी येतं का?" पण पोर दिवसभर बिनघोर ठेवावी असं एकच घर होतं, ताईचं.

त्या शनिवारी पाळणाघर बंद होतं. तिनं ठकीला ताईकडे ठेवलं, संध्याकाळी आणलं.

सोमवारी कामावरून आल्यावर ती भाजी निवडत बसली होती. ठकी डोळे मिटून, एक हात भिंतीला लावून हळूहळू चालत होती. पावलं मोजत. साडेतीन वर्षांची पोर; तीननंतर थेट सात.

"आपटशील गं! काय खेळतेयस?"

"मावशी-मावशी."

"हा कुठला खेळ?"

"तू काका हो. चष्मा कपाटावर ठेव. वर. मी शहाण्यासारखी वागले की दे."

भाजीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली. आवाज मात्र तिनं अगदी गोड ठेवला. लहान मूल घाबरलं की गप्प होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मावशी काय करते मग?"

"मावशी हळू चालते. रडत नाही. रडलं तर उद्या पण नाही." ठकीनं डोळे उघडले. "आई, आता तू मावशी हो ना. तुझी पाळी."

तिनं ताईला फोन लावला. ताईचा आवाज लख्ख होता. "अगं मजेत! ठकीनं काय धमाल केली त्या दिवशी. तू बरी आहेस ना?" मागून भावोजी म्हणत होते, "मेहुणीला म्हणावं, पोरगी कायमची इकडेच पाठव." ती हसली. फोन ठेवला आणि मग तिला कळलं. चष्मा मोडायचा थांबला होता, कारण तो मोडेनासा तिनं केला होता. मोडका चष्मा दुकानात तरी यायचा. कुणाच्या तरी हातात पडायचा. ती एकुलती एक खिडकी आपल्याच हातांनी, स्क्रू आवळून, तिनं बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात पोचताच तिनं काचांचे खण उपसले. नऊची तयार जोडी नव्हती, साडेआठची होती. फ्रेम मिळाली ती दोन वर्षं कुणी हात न लावलेली, लालभडक, गोल. ती चक्रासमोर बसली.

"कुणाचं गं, एवढी घाई?" नानांनी विचारलं.

"ताईचं."

नाना उठले. "दे इकडे. घाईत कड उडेल." एवढंच. पुढची वीस मिनिटं ते चक्रावर वाकून होते. काच बसवून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "साडेआठ आहे. जमीन थोडी लांब वाटेल म्हणावं. पायऱ्यांवर जपून."

भावोजी एकला जेवायला घरी येत. ती पाऊण वाजता ताईच्या बिल्डिंगपाशी पोचली, स्कूटर लावली आणि हेल्मेट काढायचंही भान न राहता तिसऱ्या मजल्यापर्यंत धावत गेली. बेल वाजवली.

आतून भिंतीवरून हात घासत आल्याचा आवाज. कडी. दार उघडलं.

ताई समोर उभी. चष्म्याविना. नाकावर दोन बाजूंना खोल वळ. तिनं दारातल्या हेल्मेटवाल्या आकृतीकडे पाहिलं, म्हणजे चेहरा त्या दिशेला वळवला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो धाकट्या बहिणीनं तीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. बारीक, घाईघाईचा, पाठ केलेला.

"आज लवकर आलात? मी कुठंच गेले नाही हां. खालची आली होती, बेल वाजवत होती, पण मी दार नाही उघडलं. आवाजसुद्धा नाही केला. जेवण तयार आहे. सगळं तुमच्या मनासारखं केलंय."

तिला हेल्मेटचा पट्टा सुटेना. 

"ताई," ती कशीबशी म्हणाली. "ताई, मी आहे गं."

ताईचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग त्यावर जे आलं ती लाज होती. चोरी पकडली गेल्यावर येते तशी. "बारके? तू कशाला आलीस? जा बाई, हे येतील आता. जा ना."

"चष्मा कुठाय?"

"कपाटावर असतो. म्हणजे... नाहीतर खिशात नेतात. अगं, मीच विसरते सारखी कुठंतरी. माझंच चुकतं. तुला माहितीय मी कशी आहे."

"हो, माहितीय. हा लाव."

ताईनं लाल चष्मा बोटांनी चाचपला, लावला. डोळे दोनदा मिटले, उघडले. बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली.

एवढ्या घाबरगुंडीत ही वाक्य शोधते ते हे! तिला रडूही कोसळलं आणि हसूही. "माझं नंतर बघ. चपला घाल. काही घेऊ नकोस, चल."

"असं कसं? गॅस..."

तिनं आत धावत जाऊन कळ फिरवली. "मी बंद केलाय." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं कळ पुन्हा तपासली नाही.

जिना अरुंद होता. ताई भिंतीला हात लावून उतरत होती. "पायऱ्या वाकड्या दिसतायत गं. खोल." "दिसू दे. माझा हात धर." दुसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर त्या आल्या आणि खालून बुटांचा आवाज आला. सावकाश, शिट्टीसकट. ताईच्या पंजानं तिचं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली.

भावोजी वर आले. दोन पायऱ्या खाली थांबले. हसले.

"अरे, मेहुणी! आणि ही कुठं निघाली स्वारी? हे काय डोळ्यांवर? सर्कशीत नोकरी लागली की काय?"

"आईला बरं नाही, भावोजी. हिला घेऊन जातेय." ती खोटं बोलली.

"अरेरे. मग संध्याकाळी मीच आणून सोडतो ना. जेवायच्या वेळी कुणी बाहेर पडतं का?" ते अजून हसतच होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला. तोच, लवचीक. पुढे केला. "हा घे तुझा. बेसिनवर विसरली होतीस. त्या दुसऱ्याच्या नंबरानं उतरू नकोस, अगं. पाय चुकेल. एवढा जिना आहे, पडलीस म्हणजे?"

शेवटचे शब्द त्यांनी इतक्या मायेनं उच्चारले की तिनं नकळत कठडा धरला. भिंत आणि कठडा यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा, आणि तिथं ते उभे होते. तिच्या मनात एकाच वेळी सतरा विचार आले. ठकीला पाळणाघरातून कोण आणेल, हाही त्यात होता.

तेवढ्यात त्यांच्या मागचं, दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. एक प्रौढ बाई बाहेर आली, हातात केराची बालदी. खालची म्हणजे हीच असावी. ती केर टाकायला गेली नाही.  बालदी खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि उभी राहून वर बघत राहिली.

भावोजींनी वळून तिच्याकडे पाहिलं. हात अजून पुढेच होता.

ताईनं त्या चष्म्याकडे पाहिलं. एक क्षण वाटलं, घेते की काय. तिचा हात थोडा उचललाही गेला. मग ती म्हणाली, "राहू दे. ह्यातून दिसतंय मला."

आणि तिनं पाऊल खाली टाकलं. पायरी अंदाजापेक्षा वर निघाली, ती हेलकावली, सावरली. पुन्हा टाकलं. आता ती आणि भावोजी एकाच पायरीवर होते. बालदीवाली बाई जागची हलली नाही. भावोजी भिंतीला सरकले. "या, या. सावकाश हां," ते म्हणाले, कुणी पाहुणे निघाल्यासारखं.

उरलेल्या पायऱ्या ताई मोजत उतरली. मोठ्यानं.

स्कूटरवर मागे बसल्यावर ताई एवढंच बोलली. "ती खालची रोज यायची गं. रोज बेल वाजवायची. मी कधीच दार नाही उघडलं."

आज चौथा दिवस. ताई धाकटीकडे आहे, ठकीशेजारी झोपते. नव्या काचा उद्या यायच्या आहेत. तोवर लाल चष्म्यानं डोकं दुखतं, तरी काढत नाही, झोपतानासुद्धा हात त्याच्यावर असतो. भावोजींचे फोन येतात. आधी हसरे होते, आता नाहीत. आई म्हणते, "एवढ्या तेवढ्यावरून घर मोडतं का कुणी?" दाराची बेल वाजली की दोघी बहिणी एकमेकींकडे पाहतात आणि कोण उठणार ते ठरवायला वेळ लागतो. पुढं काय होईल ते सांगता येत नाही. सगळं ठीक होईल असं लिहायला हात धजावत नाही.

पण तुमच्या जिन्यात, तुमच्या बिल्डिंगमध्ये, तुमच्या नात्यात कुणी असेल, हल्ली बाहेर न दिसणारी, फोनवर नेहमी मजेत असणारी, तर आज जरा जाऊन या. फोन नको. काहीतरी निमित्त काढा, वाटीभर साखर मागा, आणि बेल वाजवून दारासमोर थोडा वेळ उभ्या राहा.

दार उघडलं नाही, तर उद्या पुन्हा जा.