खुंटीवरची थापी

फरशीवाली दोन खांबांमधून पुढे झाली आणि खांब किंचाळले.

शनिवारचं काम दुपारी दोनला सुटलं होतं. डबे आणि पिशव्या सांभाळत सत्तर-ऐंशी माणसं फाटकाशी रांगेत उभी होती. खांब गुरुवारी बसवले होते आणि आज सकाळीच चालू झाले होते. त्यांचा आवाज कसा असतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे आधी सगळे दचकले आणि मग हसले.

"काय गं, सोनं घालून निघालीस का?" मागून गवंड्याने विचारलं.

"सोनं असतं तर तुझ्या मागेपुढे उन्हात उभी राहिले असते होय?"

रांग पुन्हा हसली. पहाऱ्यासाठी आणलेल्या नव्या कंपनीचा रखवालदार तसा सभ्य माणूस होता. त्याने तिला बाजूला घेतलं आणि पिशवी उघडायला सांगितली. डबा निघाला, टॉवेल निघाला आणि टॉवेलखालून फरशी कापायचा छोटा कटर निघाला. त्याच्या मुठीखाली खांबांना ओरडायला लावणारी नखाएवढी पांढरी पट्टी चिकटवलेली होती.

"हा आत ठेवायचा राहिला का, बाई?"

"राहिला नाही. घरी नेतेय. सोमवारी सकाळी आणते. मास्तरांनी दिलाय."

असं म्हणून तिने हनुवटीनेच सामानाच्या खोलीकडे खूण केली. तिच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता.

मास्तर दारात कुलूप हातात घेऊन उभे होते. सामानाची खोली ते बावीस वर्षं सांभाळत आले होते. बांधकामं बदलत गेली, खोली त्यांचीच राहिली. मास्तर हे नाव मजुरांनी ठेवलेलं. जेवणाच्या सुट्टीत कुणाला टेपवरचे आकडे वाचायचे असत, कुणाला सही शिकायची असे, आणि मास्तर सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर खडूने अक्षरं काढून दाखवत. फरशीवाली त्यांची सगळ्यात चिकाटीची विद्यार्थिनी. अक्षर अडलं की ती त्यांच्याकडे बघत थांबायची. मास्तरही घाई करत नसत. जरा वेळ जाऊ देत आणि मग हळूच पहिला फराटा काढून देत.

खोलीत एक वहीबाहेरची पद्धत होती. रोजच्या कामाची हत्यारं वहीत लिहून दिली जात. पण कुणाला एखाद-दोन दिवस घरच्या कामासाठी काही हवं असलं, तर तो माणूस स्वतःचं एक हत्यार आणून द्यायचा आणि मास्तर ते रिकाम्या झालेल्या खुंटीला अडकवायचे. ड्रिलच्या जागी ओळंबा. करवतीच्या जागी रंधा. सगळ्या मजुरांना ही भाषा वाचता येत होती. वस्तू परत आली की खुंटी पूर्ववत. बावीस वर्षांत एकही खुंटी चुकली नव्हती.

त्या दिवशी कटरच्या खुंटीला तिची थापी लटकत होती.

तिची आई न्हाणीघरात घसरून पडली होती आणि तिथे खरखरीत फरशी बसवायची होती. पाणी जाळीकडे उतरायचं तर जाळीभोवतीच्या चार फरश्या तिरप्या कापाव्या लागतात. तिने शुक्रवारी एवढंच सांगितलं, आणि पुढचं काही मागण्याआधीच मास्तरांनी कटर काढून दिला होता; शनिवारी सुटल्यावर ती तो घरी नेणार होती. ती पांढरी पट्टी त्यांनीच आदल्या दिवशी, गुरुवारी, आपल्या हाताने चिकटवली होती, कटरला आणि आणखी दीडशे हत्यारांना. तरी खांब ओरडतील हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. खुंटीवर थापी होती, म्हणजे कटर खोलीतच असल्यासारखा होता. त्यांचं मन त्याच हिशेबाने चालायचं.

बांधकामाचे साहेब आले. वयाने मुलासारखे, तीन महिन्यांच्या चोऱ्यांनी वैतागलेले. तांब्याची केबल गेली होती, नळ गेले होते, एकदा तर बसवलेला दरवाजा चौकटीसकट गेला होता. फाटकाबाहेर मालकांची गाडी काच खाली करून उभी होती.

"काका, हे तुम्ही दिलंत?"

शुक्रवारी सकाळीच साहेबांनी एका कागदावर मास्तरांची सही घेतली होती: यापुढे कुणालाही कोणतीही वस्तू तोंडी देणार नाही. दुपारी त्यांनी कटर दिला होता.

सगळी रांग बघत होती. 'हो' एवढंच म्हणायचं होतं.

"वहीत नोंद नाही," मास्तर म्हणाले.

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. फरशीवालीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती थांबली. अक्षर अडल्यावर थांबायची, अगदी तशीच. मास्तर कुलपात किल्ली फिरवत राहिले. ते कधीचंच लागलेलं होतं.

रखवालदार तिला कचेरीकडे घेऊन गेला.

रविवारी बायकोने दोनदा विचारलं, "भाजी बिघडलीय का?"

"नाही," मास्तर म्हणाले. भाजी खरंच बिघडली नव्हती.

सोमवारी फाटकावरच्या पडद्यावर तिचा फोटो होता. कॅमेऱ्याकडे बघत असलेला चेहरा आणि खाली लाल पट्टी.

"हा किती दिवस राहतो?" त्यांनी रखवालदाराला विचारलं.

"काढेपर्यंत. आपल्या कंपनीचे कॅमेरे आहेत त्या सगळ्या बांधकामांवर जातो तो. आता कुठेही गेली तरी फाटकातच अडकणार." तो अभिमानाने सांगत होता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

खोली उघडली तर रांगेतला तोच गवंडी सगळ्यात आधी उभा. या माणसाने जन्मात मागणीची चिठ्ठी आणली नव्हती. आज एका बादलीसाठी आणली होती.

"लिहून घ्या, मास्तर," तो म्हणाला. "नीट लिहा. बादलीच आहे, पण उद्या ओरडायला लागली तर आम्ही कुणाचं नाव सांगायचं?"

मास्तरांनी बादली लिहून दिली. मग थापी खुंटीवरून काढली आणि ते कचेरीत गेले.

"साहेब, कटर मीच दिला होता."

साहेबांनी मान वर केली. मग खुर्ची पुढे सरकवली. "बसा, काका."

"बसत नाही. ही बघा तिची थापी. कटरच्या खुंटीला होती. आमच्यात अशीच पद्धत आहे. घेणाऱ्याचं हत्यार तिथे लावायचं."

साहेबांनी थापी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि टेबलावर ठेवली. "थापी आहे, काका. हिच्यावर काय वाचू मी?"

"सगळ्यांना विचारा. गवंड्याला विचारा."

"ते तिचीच बाजू घेणार." त्यांनी खण उघडून एक कागद पुढे केला. "आणि आता विचारायचं तरी काय? तिने स्वतः लिहून दिलंय. पोलिसांत द्यायचं नाही म्हटल्यावर लगेच दिलं."

*कटर मी न विचारता घेतला. मास्तरांचं नाव मी भीतीने सांगितलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं.*

अक्षरं मोठी होती आणि ओळीला धरून बसली होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम होता. तो न विसरण्याबद्दल मास्तर तिला किती वेळा बोलले होते.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "शनिवारी मी घाबरलो, म्हणून बोललो नाही. मी लिहून देतो. माझं नाव घाला त्या पडद्यावर."

साहेबांचा आवाज मऊ झाला.

"काका, मी काल मालकांना काय सांगितलं माहितीये? सामानाच्या खोलीत कॅमेरा नको, कारण तिथे तुम्ही आहात. तिला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय, ते कळतंय मला. अशी माणसं आता मिळत नाहीत." त्यांनी कागद खणात ठेवून खण लावला. "जा. पाणी प्या आणि कामाला लागा."

मास्तरांनी तरीही लिहून दिलं. साहेबांनी ते न वाचता खणातल्या पहिल्या कागदावर ठेवलं. मास्तरांनी टेबलावरची थापी उचलली.

दुपारची सुट्टी झाल्यावर मास्तर तिच्या घरी गेले. बोळाच्या टोकाला तळमजल्यावर दोन खोल्या. ती न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून पकडीने फरशीची कड मोडत होती. जाळीभोवतीची जागा अजून उघडीच होती.

"तिकडून या," ती म्हणाली. "ती रांग ओली आहे."

मास्तरांनी थापी तिच्यापाशी ठेवली. तिने ती घेतली, पाण्यात बुडवली आणि कामाला लावली.

"साहेबांना सांगितलं मी. सगळं."

"मग?"

"खरं वाटलं नाही त्यांना."

"मलाही नव्हतं वाटलं," ती म्हणाली. "शनिवारी." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तू तसं का लिहून दिलंस?"

"दोघांपैकी एक तर राहू दे म्हटलं. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमचे."

"कोण आलंय गं?" आतल्या खोलीतून आवाज आला. आई खाटेवर होती. कमरेखाली उशा आणि पाय सरळ बांधलेला.

"कामावरचे मास्तर."

"कटरवाले? अगं, मग त्यांना दारात काय उभं केलंस! आत या हो." मास्तर उंबऱ्याशी आले. म्हातारीने दोन्ही हात जोडले. "शुक्रवारी ही नाचत आली होती. म्हणाली, मागायच्या आधीच काढून दिला. पण तिकडेच तातडीने लागला, म्हणून शनिवारी ठेवून आली म्हणे. असू दे. तिथलं कामही संपलं हिचं. आता नवीन ठिकाणी असं विश्वासाचं माणूस भेटलं म्हणजे झालं."

"आजी, मी—"

पकडीचा आवाज थांबला.

"मास्तर," फरशीवाली मागून हळू आवाजात म्हणाली, "तिला नका सांगू. राहू द्या."

आई हसत त्यांच्याकडे बघत होती. त्यांचं बोलणं अर्धवट राहिलंय हे तिच्या लक्षात आलं होतं आणि पुढचं ऐकायला तिने मान जरा पुढे केली होती.

"पाय कसा आहे आता?" मास्तरांनी विचारलं.