ज्याचा अंगठा, त्याचा पापलेट

मासळीबाजारात कमळी कोळणीनं साहेबांच्या मनगटावर असा फटका दिला की पलीकडे बेटावर, अर्नाळ्याच्या किल्ल्यातले कावळे उडाले. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा.

"दाबतोस कशाला रं, सायबा?"

"पापलेट ताजा आहे का बघत होतो, बाई."

"मंग डोल्यांनी बघ ना! सकालपासून धा जनांनी अंगठा लावला, आन अकरावा बोलतो, तुझा म्हावरा नरम!"

साहेब म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतले परेश सर. त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या हिल्डाला, सॅन्टन नाखव्याच्या लेकीला, भेटायला तिच्या गावी आले होते. मोबाइलच्या लिथियम बॅटरीत भरायची एक काळी पूड हिल्डानं दोन वर्षं खपून बनवली होती. इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली पुडीच्या कणांतले थर विस्कटलेले दिसले. आता काम बंद करायच्या कागदावर सरांना हिल्डाची सही हवी होती. सही झाली की उरलेली चिमूटभर पूडही कचऱ्यात.

हिल्डा शेजारीच उभी होती. ती हसली. "सर, आपणही हेच करतो."

"काय?"

"अंगठा लावतो. फोटो स्पष्ट यावा म्हणून कणावर इलेक्ट्रॉनचा झोत धरून बसतो. तेवढ्यात ऑक्सिजन उडतो, थर मोडतात. मग आपणच म्हणतो, पूड नासकी."

"फोटो खोटं बोलत नाही, हिल्डा."

"नाहीच बोलत. त्यात आपला अंगठा दिसतो. झोत मंद ठेवू. फोकस शेजारच्या कणावर लावू, आणि खऱ्या कणाकडे एकदाच बघू."

"धुरकट येईल. कोणतं जर्नल छापणार?"

"नका छापू. सही मी करणार नाही."

"तुमचा झगरा मागून," कमळी म्हणाली. "पयला ह्यो पापलेट उचल. हितं ज्याचा अंगठा, त्याचा म्हावरा."

सरांनी पैसे मोजले आणि पापलेट उचलला. त्यावर अंगठ्याचा खळगा तसाच होता.

सोमवारी प्रयोगशाळेत मंद झोतात फोटो निघाला. खाडीवरच्या धुक्यासारखा, पण धुक्यात रेघा होत्या, बोंबील वाळत घालायच्या दोऱ्यांसारख्या ताठ, एकीशेजारी एक.

"नीट दिसत नाही," सर म्हणाले.

"जेवढं दिसतं, ते आहे तसं आहे."

मग हिल्डानं स्वतःच त्याच कणावर नेहमीचा प्रखर झोत धरला. दुसरा फोटो सुरेख, लख्ख आला. दोऱ्यांचा गुंता झालेला. तो कण गेला.

तिनं नवा कण समोर आणला. सवयीनं सरांचा अंगठा झोत वाढवायच्या बटणाकडे गेला. चार दिवस धुऊनही त्याला पापलेटाचा वास येत होता म्हणतात.

बटणाच्या वर, केसभर अंतरावर, तो थांबला.