एकसष्ट टोले

ह्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी माझ्या नणंदेने सकाळी सातपासून रडायला सुरुवात केली आणि मला बरं वाटलं. घरातल्या कोणीतरी ते काम करायला हवंच होतं. मला ते जमत नव्हतं.

अठरा दिवसांपूर्वी रिपोर्ट आला. डाव्या मूत्रपिंडावर गाठ आहे आणि ती मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून वाढली आहे, असं सर्जन म्हणाले. काढता येईल, पण शिरेला धक्का लागला तर रक्त आवरणं कठीण, हेही म्हणाले. मी मान डोलावली. घरी येऊन मशीनवर बसले. लोकांचे कपडे आखूड करणं, सैल करणं हा माझा धंदा. त्या अठरा दिवसांत मी एकवीस पँटी आखूड केल्या, एका नवरीचा झगा दोन्ही बाजूंनी आत घेतला आणि माझा एक टाका चुकला नाही. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, किती धीराची! धीर कसला डोंबलाचा. चिमटा काढला असता तरी मला कळलं नसतं.

प्रार्थनेचंही तेच. लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र म्हणायला बसले की शब्द बरोबर यायचे, पण डब्यातली बटणं मोजावीत तसे. ऐकणारं कोणी आहे की नाही, ह्याचंसुद्धा मला काही वाटत नव्हतं. हे मी कोणाला बोलले नाही. जी बाई एकतीस वर्षं पहिल्या बाकावर बसत आली आहे तिने असं बोलायचं नसतं.

पहिला बाक आम्हाला मिळाला तो घंटेमुळे. हे धंद्याने सुतार, पण चर्चची घंटा वाजवण्याचं काम एकतीस वर्षं ह्यांच्याकडे आहे. आमच्याकडे घंटेची रीत ठरलेली आहे. कोणी जास्त आजारी असलं, की नऊ टोले: तीन भराभर, थोडं थांबून पुन्हा तीन, पुन्हा तीन. ते ऐकून ज्याने त्याने हातातलं काम ठेवायचं आणि त्या माणसासाठी प्रार्थना करायची. कोणी गेलं, की टोले एकेक, सावकाश, आणि माणसाचं जितकं वय तितके. तेव्हा सगळे मोजतात. मोजून झालं की कोण गेलं ते बहुधा कळतंच.

त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात हे हिरवा झगा घालून खाटेवर बसले होते. झग्याची शिवण इतकी गबाळी होती की माझे हात शिवशिवत होते. नर्सने तिसऱ्यांदा येऊन वय विचारलं.

“बासष्ट,” हे म्हणाले. “मागच्या आठवड्यातच पूर्ण झाली. केक मात्र कोणी दिला नाही.”

नर्स गेली तशी ह्यांनी उशीखालून घंटाघराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. “मला अकराला आत नेणार. तू पावणेअकराला निघ. नऊ टोले. पाळकसाहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय.”

“मी इथून हलणार नाही.”

“इथे बसून काय करणार आहेस? सर्जनला सुई ओवून देणार?”

“मग दुसऱ्या कोणाला तरी सांगा.”

“कोणाला, दूधवाल्याला? मागे एका लग्नाला त्याने अशी घंटा वाजवली की नवरी दारातून परत फिरायला निघाली होती.” हे हसले, मग हसायचे थांबले. “एवढी वर्षं मी सगळ्यांसाठी दोरी ओढली गं. माझ्या वेळी परक्या हाताने ओढलेली नको मला.”

मी किल्ली मुठीत धरली.

“आणि हे बघ, तुला प्रार्थना होत नाहीये, ते मला ठाऊक आहे,” हे म्हणाले. “तुझे ओठ हलतात, पण माप घेताना हलतात तसे. चालेल. तू फक्त घंटा वाजव. प्रार्थना बाकीचे करतील.”

एवढं ओळखलेल्या माणसासमोर खरं तर रडू यायला हवं होतं. मी ह्यांच्या झग्याची नाडी नीट बांधून दिली आणि निघाले. नणंद मागून म्हणाली, “अगं वहिनी, त्याच्या डोक्यावर हात तरी ठेवून जा!” मी परत जाऊन हात ठेवला. केस तेलकट लागले.

हॉस्पिटल ते चर्च दोन गल्ल्या. रस्त्यात बेकरी आहे, तिथून भट्टीचा वास आला आणि वास आहे एवढंच कळलं. घंटाघर म्हणजे चर्चच्या कोपऱ्यातली उभी, अरुंद खोली. वरून दोरी खाली लोंबते. स्टुलावर ह्यांचा चष्म्याचा जुना डबा, भिंतीवर खडूच्या रेघा, दहा-दहाच्या जुड्या केलेल्या. कोणाचं वय मोजताना चूक होऊ नये म्हणून हे अशा रेघा ओढतात. खिळ्याला कातडी हातमोजे टांगलेले. मी ते घातले. माझ्या हाताला दोन मापं मोठे होते.

अकरा वाजले. मी दोरी ओढली.

एकतीस वर्षं मी बघत आले होते, पण कधी हात लावला नव्हता. ह्यांची घंटा ऐकली की वाटतं, मनगट हलवलं की झालं. प्रत्यक्षात ती दोरी कसली, अख्खा बैल होता. पहिला टोला पडला आणि दोरी मला चवड्यांवर उभी करून वर गेली. लगेच दुसरा द्यायचा होता. ती खाली येईपर्यंत माझ्या हातात काहीच नव्हतं. आली, तेव्हा मी पुन्हा ओढली. तीन भराभर राहिले बाजूला, एकेक टोला सुटा सुटा पडत गेला.

नऊ झाले असतील तेव्हा थांबायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी मोजतच नव्हते. ओढली, की दणका छातीत लागायचा. दोरी वर जायची, मी वाट बघायची, पुन्हा ओढायची. अठरा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी करता येत होतं. थांबले तर त्या कॉरिडॉरमध्ये जाऊन बसावं लागणार होतं, आणि कॉरिडॉरच्या टोकाचं दार उघडून कोणीतरी येणार होतं. दोरी हातात आहे तोवर कोणी येणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्याने घेतलं होतं. म्हणून मी ओढत राहिले. शब्द एकही मनात नव्हता.

मग उजव्या हातातला मोजा निसटला. ढिला होता, घामाने सरकला, दोरीच्या पिळात अडकून दोरीबरोबर वर गेला. उघड्या तळव्यातून दोरी सर्रकन घासत निघाली आणि मी ती सोडून दिली. तळवा सोलवटला होता. झोंबलं. चांगलंच झोंबलं, आणि मी हाताकडे बघत राहिले, कारण किती दिवसांनी मला काही झोंबत होतं.

मागे वळले तर दारात माणसं.

बेकरीवाला होता, कोपरापर्यंत पीठ लागलेला. शाळेतल्या बाई होत्या, दूधवाला होता, त्याच्यामागे आणखी दहा-बारा जण. पाळकसाहेब सगळ्यांत पुढे, पायात दोन वेगवेगळ्या चपला. शाळेतल्या बाईंनी पुढे येऊन मला मिठी मारली.

“वहिनी,” पाळकसाहेब म्हणाले, “आम्ही नऊ टोल्यांची वाट बघत होतो. दहावा पडला तेव्हा...”

“एकसष्ट,” बेकरीवाला म्हणाला. “मी मोजले.”

तेव्हा मला कळलं, मी काय करून ठेवलं होतं. जिवंत नवऱ्याच्या मृत्यूचे टोले मी माझ्या हाताने वाजवले होते. ‘अहो, चुकलं माझं, मला वाजवता येत नाही,’ एवढंच सांगायचं होतं. पण त्यांचे चेहरे पाहिले आणि ते सांगायचं राहून गेलं. इतकी माणसं एकदम रडताना मी फक्त एकाच प्रसंगी पाहिली आहेत. माझ्या मनात आलं, मी इथे आहे, तिकडे काय झालं ते मला कुठे ठाऊक आहे? मला भीती वाटली. ती येताच पाय आपोआप पळायला लागले.

मी पुढे, मंडळी मागे, अशी आमची वरात दोन गल्ल्या पळाली. एका हातात मोजा, दुसरा उघडा. पळता पळता मी म्हणत होते, “प्रभू, नको. प्रभू, नको.” पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. एवढे दोनच शब्द होते, आणि ते मी मोजत नव्हते.

हॉस्पिटलच्या जिन्यावर नणंद भेटली. ती पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडत होती. “अगं, घंटा झाली! चर्चमध्ये कळलं आणि इथे मला कोणी सांगितलं नाही!”

“ती मी वाजवली,” मी म्हणाले. “मला नऊ वाजवता आले नाहीत.”

तिने पदर डोळ्यांवरून काढून माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाचा पट्टा बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग तो सुरू झाला, आणि ती जे बोलली ते पाळकसाहेबांसमोर बोलायला नको होतं.

आवाज ऐकून नर्स बाहेर आली. “एवढी माणसं कशाला? काय लावलंय हे?”

“ते कसे आहेत?” मी विचारलं.

“कसे म्हणजे? आत्ता पाच मिनिटांपूर्वी आत गेले. आधीचं ऑपरेशन लांबलं. आणि गेले तेही आमची वाट अडवून. स्ट्रेचरवर होते, घंटा सुरू झाली, तर म्हणाले संपू द्या. डोळे मिटून मोजत बसले. संपल्यावर हसले काय, आणि म्हणाले, आता चला.”

जिन्यावरचे सगळे एकदम हुश्श झाले. दूधवाला म्हणाला, “आणि माझ्या घंटेला नावं ठेवतात!” दोघे-तिघे हसले. ह्यांनी स्वतःचे टोले पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले होते आणि ते ऐकून आत गेले होते. आत जाताना माणसाने काय घेऊन जावं, आणि मी काय पाठवलं होतं!

मला वाटलं, आता मंडळी घरी जाईल. कोणी गेलं नाही. बेकरीवाल्याची भट्टी पेटलेली होती, तरी तो पिठाच्या हातांनी जिन्यावर बसला. पाळकसाहेब त्याच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात प्रार्थनेला लागले. ते थांबले की शाळेतल्या बाई, त्या थांबल्या की दूधवाला. दूधवाल्याची प्रार्थना म्हणजे, “प्रभू, माणूस चांगला आहे, तुला माहीतच आहे,” एवढीच. ती त्याने चार वेळा केली. नणंद माझ्या सोललेल्या हाताला रुमाल बांधून तो हात धरून बसली. माझी पाळी आली की मी मान हलवायची, आणि पुढचा माणूस सुरू व्हायचा. पळताना आलेले दोन शब्दही आता येत नव्हते. मी नुसती त्यांच्या आवाजाला टेकून बसले. जेमतेम बसता येत होतं, आणि तेवढं पुरत होतं.

पावणेतीनला दार उघडलं. सर्जन टोपी काढत आले. शिरेपासून गाठ सोडवायला वेळ लागला, म्हणाले. रक्त थोडं गेलं, पण आवरलं. गाठ पूर्ण निघाली.

जिन्यावर कोणीतरी मोठ्याने “आमेन” म्हणालं. मी सर्जनना नमस्कार केला आणि विचारलं, “टाके किती?” त्यांनी सांगितलं. तो आकडा मी लगेच विसरले.

संध्याकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक होता, ओठ कोरडे. डोळे उघडायला वेळ लागला. मला पाहिल्यावर ह्यांनी आधी माझा रुमाल बांधलेला हात पाहिला, मग माझ्या पदरात खोचलेला मोजा.

“दुसरा कुठे?”

“वर. दोरीत अडकलाय.”

“मोठे होतात तुला,” हे म्हणाले. मग बराच वेळ डोळे मिटून पडले. मला वाटलं, झोपले. “काय घाबरलो होतो गं मी,” हे मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. “नवानंतर दहावा पडला, तेव्हा वाटलं, आता आपलं संपलं. मोजत राहिलो. साठ झाले. एकसष्ट झाला. आणि तू थांबलीस.”

मी ह्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

“मी बासष्टचा आहे. एक ठेवलास ना माझ्यासाठी? मला कळलं लगेच. तेवढ्या एका टोल्याच्या भरवशावर आत गेलो.” ह्यांनी उशीवरच मान माझ्याकडे वळवली. “मुद्दामच थांबलीस ना?”

आणि मला रडू फुटलं. अठरा दिवसांचं सगळं एकदम आलं, नाकातोंडातून, आवाज करत. नर्स धावत आली. पेशंटला असा त्रास द्यायचा नाही म्हणाली. हे तिला म्हणाले, “रडू द्या तिला.”

मी मान हलवली, हो म्हणून. आजपर्यंत मी तेवढंच सांगितलं आहे. ढिल्या मोज्याची गोष्ट मी ह्यांना अजून बोललेले नाही.